दाजीचा सूर

"दार उघडं टाकून गेलीस तू," असं दाजी गायला आणि माझं बोट तारेवरून घसरलं. माझं बोट कधी घसरत नाही. तापात वाजवलंय, कडाक्याच्या थंडीत वाजवलंय, एकदा स्टेजच्या छपराचा पत्रा उडून थेट ड्रमपाशी येऊन पडला तेव्हाही मी बेस गिटार वाजवतच होतो. पण हे गाणं दाजी आम्हाला पहिल्यांदाच ऐकवत होता. चाल अंगात भिनावी म्हणून आम्ही आपले मागून हलकं हलकं वाजवत होतो, आणि ती ओळ आली. दार उघडं टाकून गेलीस तू, मी अजून थंडीतच बसलोय. डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून, ज्या घोगऱ्या आवाजाबरोबर निम्मं शहर म्हातारं झालं त्याच आवाजात. गाणं संपलं तेव्हा आमचा ड्रमवाला, ज्याला आम्ही धडामच म्हणतो, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. गिटारवाला नवा काहीच बोलला नाही, म्हणजे त्यालाही आवडलं होतं. (नवा बँडमध्ये आला तेव्हा त्याच्यावर भाळलेल्या पोरींना आता नातवंडं आहेत, पण आमच्यात तो अजून नवाच.) काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्या बाईंचा आवाज स्पीकरवर आला, "हेच पहिलं गाणं. आल्बमचं नावही हेच ठेवा, 'उघडं दार'. आणखी काय पाहिजे?" मी मान खाली घालून तार पुसत बसलो. डोक्यात तिडीक गेली होती आणि ती कुणाला दिसू द्यायची नव्हती.

कारण गेली ती नव्हती. गेला तो. 'ती' म्हणजे माझी ताई, आणि दाजी हे काही त्याचं नाव नव्हे. ताईचा नवरा म्हणून मी त्याला दाजी म्हणायचो, मग बँड म्हणायला लागला, मग ते पोस्टरवर आलं, आणि आता ज्यांनी ताईचं तोंडही पाहिलेलं नाही असे हजारो लोक गळ्याच्या शिरा ताणून दाजी दाजी ओरडतात. मला मेहुणा म्हणतात. ज्या नात्याची त्यानं पार वाट लावली त्याच नात्याच्या नावावर तो मोठा झाला, आणि हे कुणालाच खटकत नाही. आमचा दुसरा आल्बम चालू असताना एका सकाळी तो गिटार आणि एक बॅग घेऊन ताईच्या घरातून निघाला, तो कायमचाच. कुणा दुसरीकडे गेला होता, ती पुढे वर्षभरही टिकली नाही, तिच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. जाताना घराच्या दोन्ही किल्ल्या त्याच्या कोटाच्या खिशात गेल्या. जुनं दार, जुनं कुलूप. कडी नव्हती, आतून लावायचं तरी किल्ली लागायची. दोनेक दिवसांनी त्यानं मला उरलेले शर्ट आणायला धाडलं. "तू भाऊ आहेस तिचा, तुझ्यासमोर ती तमाशा करणार नाही," म्हणाला. मी दार ढकललं तर ते जड लागलं. ताई दाराला खुर्ची टेकवून त्याच खुर्चीत थंडीनं कुडकुडत बसली होती. दाराबरोबर खुर्ची सरकली, खुर्चीबरोबर ताई. चष्म्याच्या दुकानात नोकरी होती तिची, तिथे ती गेली नव्हती. उघडं घर टाकून जाणार कशी? शेजारी सांगायची तिला लाज वाटत होती. "किल्ल्या राहिल्या असतील रे खिशात," ती म्हणाली, "मुद्दाम नाही करायचा तो." तेव्हासुद्धा त्याचीच बाजू. मग माझ्या हातातली रिकामी पिशवी तिनं पाहिली. "तू कशाला आलास?" मी म्हणालो, शर्ट. ताईनं माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "इस्त्री करून देऊ?" मी कुलूपवाल्याला घेऊन आलो. तो दाराला नवं कुलूप बसवत होता तेव्हा ताई त्याच्या मागे उभी राहून म्हणत होती, अजून घट्ट, अजून घट्ट.

हे सगळं दाजीला मीच सांगितलं होतं. तेव्हा आम्ही तरुण होतो आणि मला वाटायचं, माणसाला त्यानं काय केलं ते सांगितलं की त्याला काहीतरी होतं. स्टुडिओच्या बोळात मी त्याच्यावर ओरडलो: दार, खुर्ची, थंडी, सगळं. तो "अरेरे" म्हणाला. खिशात हात घालून किल्ल्या काढल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. ते 'अरेरे' म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते दुःख असावं असा माझा समज झाला. आज कळलं, तो तेव्हा ऐकत नव्हता, जमवून ठेवत होता. उघडं दार, आत बसलेलं माणूस, थंडी. इतकी वर्षं त्यानं ते जपून ठेवलं, आणि वापरायची वेळ आली तेव्हा खुर्चीतून ताईला उठवलं आणि स्वतः बसला.

मधल्या सुट्टीत मी त्याला गाठलं. स्टुडिओच्या मागच्या बाजूला, जिथे मोडके स्टँड आणि गुंडाळलेले गालिचे पडलेले असतात, तिथे तो भिंतीला टेकून चहा पीत उभा होता. मी त्याच्या उजव्या बाजूला गेलो, डाव्या कानाला आता काहीच लागत नाही. "दाजी," मी म्हणालो, "ती गेली नव्हती."

"कोण?"

"ताई. दार उघडं टाकून गेलात ते तुम्ही."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेनं. "अरे, गाणं आहे ते, कोर्टातली साक्ष आहे का?" मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आणि गेली ना रे ती. गेल्या हिवाळ्यात गेलीच ना शेवटी मला सोडून."

मला सोडून! ताई हॉस्पिटलात गेली, माझा हात धरून गेली. तिच्या अंत्यविधीला हा आला नाही, घसा बसलाय असा निरोप पाठवला. गवयाचा घसा बसला की जग समजून घेतं, आम्हीही समजून घेतलं. आणि त्याच बसलेल्या घशानं हा घरी बसून गाणं करत होता, तिच्या मरणालाही स्वतःवरचा अन्याय करून. त्या क्षणी मला त्याच्या हातातला गरम चहा त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला. फेकला नाही. असे चहा मी मनातल्या मनात किती फेकलेत. त्याच्या मायक्रोफोनचा स्क्रू ढिला केलाय, ऐन कार्यक्रमात त्याच्या पायाखालची वायर ओढलीय, मुलाखत घेणारीला सांगितलंय की बाई, या महापुरुषाला एकदा किल्लीचं विचारा. सगळं मनात. बाहेर मी त्याच्या मागे दोन पावलं उभा, काळा शर्ट, मान खाली, मेहुणा.

मागे उभं राहायला मला ताईनंच सांगितलं होतं. कुलूप बसवलं त्याच दिवशी मी म्हणालो होतो, मी पण सोडतो बँड, मरू दे. ताई उसळली. "तू का सोडायचास? तू वाजवतोस. त्याच्या मागे उभा राहा, बस. रोज. पाठीत जाणवू दे त्याला." माझी ताई गरीब गाय नव्हती. तिनं डूख धरला होता आणि तो माझ्या हाती दिला होता, घरातली वस्तू द्यावी तसा, नीट सांभाळ म्हणून. मी सांभाळला. अहो-जाहोसुद्धा तशीच ठेवली. सगळा बँड त्याला अरे-तुरे करतो, मी एकटा 'तुम्ही दाजी' म्हणतो, दरवेळी त्याला नातं टोचावं म्हणून. आणि त्याला काय वाटलं? आदर. पाठीत जाणवायचं होतं ते त्याला जाणवलं, पण आधार म्हणून. एकदा हजारो लोकांसमोर माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, हा माझा पाठीचा कणा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईला मी हे कधी सांगितलं नाही. ती फोनवर विचारायची, "जाणवतं का रे त्याला?" मी म्हणायचो, "जाणवतं." ती समाधानानं फोन ठेवायची. ती आता विचारणार नाही, आणि तरी उत्तर द्यायचं राहिलंय असं मला रोज सकाळी दाढी करताना वाटतं.

दाजीच्या कानांचं सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. आयुष्यभर मोठमोठ्या स्पीकरपुढे उभं राहून त्याचे कान गेले. गिटार त्याला भुणभुण ऐकू येते, झांजा तर येतच नाहीत. राहिला तो फक्त खालचा सूर, आणि तोही निम्मा पायांतून. म्हणून तो माझ्या बेसच्या स्पीकरला जवळजवळ चिकटून उभा राहतो, आणि जो सूर मी देतो त्याच्यावर गातो. लोकांना वाटतं हा आमच्यातला जिव्हाळा आहे. यंत्र लाव कानाला, असं एकदा धडामनं सुचवलं तर दोन महिने दाजी त्याच्याशी बोलला नाही. "कानात यंत्र घातलेला ब्लूज गाणारा पाहिलायस का कुठे?" म्हणाला. तेव्हापासून सगळ्यांनी कानावर हात ठेवले. गाणं झालं की तो वळून माझ्याकडे बघतो, मी मान हलवतो, म्हणजे सुरात होतं. मी खोटी मान कधी हलवली नाही. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. या धंद्यात माझं म्हणावं असं एवढंच आहे. चेहरा नाही, आवाज नाही, एक गाणं माझ्या नावावर नाही. पण बेस कधी उतरला नाही, हे वाजवणाऱ्यांत सगळे मानतात. नवा वाजवतो ते सूर बघायचं यंत्र पायाशी ठेवून. मी कानानं लावतो, आणि यंत्र माझ्याशी जुळतं.

आमची रेकॉर्डिंगची रीत जुनी. आता सगळे जण वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापला तुकडा वाजवून जातात, आणि मग कुणीतरी पडद्यावर ते सांधतं, चुकलेला सूर सरकवून जागेवर बसवतं. आम्ही एकाच खोलीत वाजवतो. ड्रम गाण्याच्या माइकमध्ये शिरतो, गाणं गिटारच्या माइकमध्ये, आणि एकदा वाजलं की ते वाजलं, वेगळं काढून दुरुस्त करता येत नाही. आणि मधे थांबायचं नाही. हा नियम दाजीनंच केलेला, पहिल्या आल्बमपासूनचा: इमारत पेटली तर पेटू दे, गाणं पुरं करा. आल्बम आमचा शेवटचा आहे हेही सगळ्यांना माहीत आहे आणि तेही कुणी बोलत नाही. आमच्या बँडमध्ये न बोललेल्या गोष्टींवरच सगळं चाललंय, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि वाटलं की यांतली एक तरी मला उपयोगी पडू दे.

सगळे अजून चहापाशी होते. मी आत गेलो. रिकाम्या स्टुडिओत गालिच्याचा आणि तापलेल्या यंत्रांचा तो ओळखीचा वास होता. मी बेस मांडीवर घेतला आणि पहिली खुंटी थोडी सैल केली. थोडीच. मग तार छेडली. फार नाही उतरली, पण कान असलेल्या माणसाला दातांत खडा यावा इतकी. माझ्या अंगावर काटा आला. खोटं बोलायला मला कधीच जड गेलं नाही, पण हे जड गेलं. बोटं आपोआप खुंटी वर पिळायला निघाली होती, मी त्यांना आवरलं. मग दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या एकमेकींशी जुळवून, नीट, काळजीपूर्वक. उतरवायचं तरी सुरात उतरवायला हवं. मी विचार करत होतो की हे मी रागाच्या भरात करतोय का. तसं नव्हतं. राग सकाळीच येऊन गेला होता. आता डोकं स्वच्छ होतं, आणि ताई त्या कुलूपवाल्याच्या मागे उभी होती तसा मी माझ्याच मागे उभा होतो. ही ओळ रेकॉर्डवर गेली की ती खरी होणार. मी मेल्यावर ताई कोण हे सांगणारा कुणी उरणार नाही, राहील ती बाई जी दार उघडं टाकून गेली आणि एका थोर माणसाला थंडीत बसवून गेली. लोक गाडी चालवताना ते गुणगुणतील. हे मी होऊ देणार नव्हतो, आणि गाणं अडवणं माझ्या हातात नव्हतं. पण बेसूर गाणं कुणी गुणगुणत नाही. माझ्या हातात चार तारा होत्या.

ते आले. लाल दिवा लागला. धडामनं काठ्या आपटून लय दिली आणि आम्ही सुरू झालो. पहिल्याच स्वराला गिटारवाल्या नव्यानं मान झटकन वर केली. आधी त्यानं स्वतःच्या यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्याला स्वतःच्या कानांवर संशय येतोय, माझ्यावर नाही. माझ्यावर कोण कशाला संशय घेईल? मी डोळे मिटले. दाजी माझ्या स्पीकरला टेकला, पायांतून त्यानं सूर घेतला, आणि गायला लागला, माझ्या सुरावर, अगदी बरोब्बर. गिटार एकीकडे, आम्ही दोघं दुसरीकडे. त्याचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा लागला होता. ती ओळ आली तेव्हा तर त्यानं जीव ओतला. आणि ते भयंकर होतं. म्हातारा माणूस रस्ता चुकून भलत्याच घराच्या पायऱ्या चढतोय आणि खालचे सगळे बघतायत, असं ते होतं. धडामचा ठोका एकदा लटपटला. बाईंनी काचेपलीकडे अर्धवट हात उचलला आणि खाली ठेवला. थांबायचं नाही हा नियम. मी वाजवत राहिलो, इतकं नेटकं मी आयुष्यात वाजवलं नसेल.

मग काचेपलीकडच्या खोलीत जाऊन ऐकलं. दाजी मोठ्या स्पीकरवर पंजा ठेवून डोळे मिटून बसला, तो हल्ली असाच ऐकतो. गाणं वाजत होतं आणि खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी ऐकत होतो. मला वाटलं होतं त्यात त्याचीच फजिती ऐकू येईल. पण ऐकू आलो आम्ही दोघं. तो आणि मी, सगळ्यांपासून तुटून, एकमेकांना घट्ट धरून, एकसारखे बेसूर. ज्याला कान आहे तो आधी म्हणणार, बेस उतरलाय. मग म्हणणार, अरे, हा तर तो कधी न उतरणारा. माझी एकुलती एक कमाई त्या स्पीकरमधून वाहून चालली होती आणि मी ती बघत बसलो होतो. खोटं कशाला सांगू, एक क्षण माझ्या ओठांवर आलं होतं की परत घेऊ, माझी तार ढिली झाली होती. कुणाला काही वाटलं नसतं. तारा उतरतात.

गाणं संपलं. बाई म्हणाल्या, "एकदा परत घ्यायचं का?"

"का?" दाजीनं डोळे उघडले. "काय झालं?"

बाईंनी नव्याकडे बघितलं. नवा आपली नखं बघत होता. धडाम म्हणाला, "मला बरं वाटलं," आणि त्याच्या आवाजावरून कळत होतं की त्याला रडू येतंय. दाजीला ते कळलं नाही, किंवा गाण्यामुळे येतंय असं वाटलं. त्याचं तोंड थोडं उघडं होतं. त्यानं एकेकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली आणि मला पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत भीती दिसली. सगळ्या खोलीला काहीतरी माहीत आहे आणि आपल्याला नाही, ही भीती. ताई चष्म्याच्या दुकानात परत गेली तेव्हा हीच तिच्या तोंडावर होती, मी बघितलीय. मग तो माझ्याकडे वळला.

"मेहुण्या, तू सांग. तू खोटं बोलत नाहीस. सुरात होतो ना?"

मी त्याच्या उजव्या बाजूला गेलो, त्याला नीट ऐकू जावं म्हणून थोडा वाकलो.

"सुरात होता दाजी," मी म्हणालो. "एकदम सुरात. हेच ठेवा."

त्याचा चेहरा उजळला. त्यानं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाला कपाळ लावलं. "तिच्यासाठी होतं रे हे," तो म्हणाला. "जाणवलं ना तुला?" मी म्हणालो, जाणवलं. तो बाईंना म्हणाला, "ऐकलंत? हेच जाणार. कुणी हात लावायचा नाही," आणि डोळे पुसत, शीळ घालत, आनंदानं बाहेर गेला. धडाम त्याच्या मागोमाग गेला. नवा जाताना माझ्याजवळ थांबला, माझ्या बोटांकडे बघितलं आणि गेला. मला दया येईल असं वाटलं होतं. नाही आली. बरं वाटलं. कुणालातरी फोन करून सांगावं इतकं बरं वाटलं, आणि फोन करायला कुणी नव्हतं.

बाई खुर्ची वळवून माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे कान चांगले आहेत, पोटच त्यावर चालतं. "तुमचा बेसही उतरलाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांना माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. हे बाहेर गेलं तर लोक तुम्हालाही नावं ठेवतील. अजून वेळ आहे."

"ठेवू देत," मी म्हणालो. "कव्हरवर माझं नाव त्यांच्या नावाशेजारी छापा. तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

मी आत गेलो आणि पुढच्या गाण्यासाठी तारा पुन्हा सुरात लावल्या.